भांडी, रजा आणि मोर्चा

मी नंदनवनातून बोलतोय. सकाळी सातच्या सुमारास जगनाडे चौकातून केडीके कॉलेजच्या रस्त्याला लागलात, तर झपझप चाललेल्या बाया दिसतील. वस्तीतून निघून फ्लॅटकडे. कुणाकडे चार घरची भांडी, कुणाकडे दोन घरची फरशी आणि एकीकडचा स्वयंपाक. आज त्यांच्या हक्कांचा इतिहास सांगतो. मला शाळेत कुणी शिकवला नव्हता.

सुरुवात थोडी मागून करू. 20 जुलै 1942. 'चले जाव'ला अजून अडीच आठवडे आहेत. नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, भाषणाला स्वतः बाबासाहेब, आणि समोर हजारो बाया. त्या काळात! घटस्फोटाचा हक्क त्यांनी मागितलाच, पण मला जास्त भावतो तो कामगार बायकांचा ठराव. मिल, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथं राबणाऱ्या बाईला वर्षाला 21 दिवस किरकोळ रजा, महिनाभर हक्काची रजा, इजा झाली तर भरपाई आणि वीस वर्षं काम केल्यावर महिना किमान 15 रुपये पेन्शन. रजा आणि पेन्शन, 1942 साली.

आता बघा, ही सगळी कामाची ठिकाणं कशी आहेत? त्यांना फाटक आहे, हजेरीपट आहे. एम्प्रेस मिलच्या फाटकावर उभं राहिलं की शेकडो कामगार एकत्र भेटायचे. घरकामाचं तसं नाही ना भाऊ. तिथं प्रत्येक बाईचे चार मालक, आणि त्या चार घरांत ती एकटीच. मालकिणीला ती 'ताई' म्हणते, मालकीण तिला 'मावशी' म्हणते, आणि मावशीशी पगाराचा करार कोण करतं? एक दिवस दांडी मारली की पगार कापतात. कपाटातलं काही सापडलं नाही की पहिला संशय तिच्यावर. संप करायचा तरी कुणाविरुद्ध?

हा पेच नागपुरात हातात घेतला रूपाताई कुलकर्णी यांनी. संस्कृतच्या प्राध्यापक. 1980 साली त्यांनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. त्याच वर्षी पुण्यातही मोलकरणींनी काम बंद पाडलं होतं. नावातला 'मोलकरीण' शब्द आज काहींना खटकतो, सरकारी कागदावर 'घरेलू कामगार' असतं. मला तो जुना शब्द बरा वाटतो. त्यात 'मोल' आहे, म्हणजे कामाचे पैसे आहेत.

आणि नागपुरात मागणी करायची म्हणजे मोर्चा. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथं होतं, म्हणून हिवाळा आला की अख्ख्या महाराष्ट्राचं दुःख पायी चालत सीताबर्डीकडे येतं. हातात फलक, डब्यात भाकर. मोलकरणीला तर त्या दिवसाचा पगार सोडून यावं लागतं. शांततेनं चालण्याची किंमतही या शहरानं पाहिली आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. त्यात बहुतेक बाया आणि लेकरं होती. झिरो माइलजवळचं स्मारक त्यांचंच आहे. त्यानंतरही लोक येत राहिले, तसेच निःशस्त्र.

राज्यभरातल्या संघटनांच्या रेट्यानं 2008 साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला. अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, औषधपाणी, अंत्यविधी यांसाठी मदतीची तरतूद त्यात झाली. पहिल्यांदाच घरकाम करणारी बाई कायद्याच्या भाषेत कामगार झाली. हे मोठंच आहे, कमी लेखू नका.

पण पगाराचा दर त्या कायद्यात नाही. कर्नाटकानं 2004 सालीच घरकामाला किमान वेतन लावलं होतं. जिनिव्हात 2011 साली घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानं बाजूनं मत दिलं, पण मंजुरीची सही केलेली नाही. आणि आपल्या कायद्यात नोंदणीचं वय 18 ते 60. आमच्या गल्लीतल्या एक मावशी साठी उलटूनही तीन घरं करतात. पेन्शन सोडा, त्यांना आता कार्डच मिळत नाही. 1942 च्या बायांनी म्हातारपणासाठी पंधरा रुपये मागितले होते, आणि इथं म्हातारपण सुरू होतं तिथं नोंदणी थांबते!

तरुण बायांचं तरी काय? 2021 च्या कोरोना निर्बंधांत सरकारनं घरकामगारांना 1500 रुपये जाहीर केले, पण फक्त नोंदणी असलेल्यांना. कार्ड नसलेल्यांनी मागायचे कुणाला?

तुमच्या घरी येणाऱ्या मावशींची नोंदणी झाली आहे का, विचारून बघा. नसेल तर कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयात होते. त्या दिवशी त्यांना अर्धा दिवस सुट्टी लागेल. पगार कापू नका म्हणजे झालं.