एका पायाचा चिमटा

मोटारसायकलचे मागील चाक ज्या दोन भुजांच्या मध्ये फिरते, त्या भागास आपल्याकडील कारागीर ‘चिमटा’ म्हणतात. चिमटा म्हटला की त्यास दोन पाय असावयाचेच. एका पायाचा चिमटा ही कल्पना प्रथमदर्शनी हास्यास्पदच वाटते. तथापि एकाच भुजेवर मागील चाक पेलणाऱ्या काही महागड्या गाड्या परदेशात निघाल्या आहेत, आणि त्यांची चित्रे पाहून आपल्याही गाडीस तशी भुजा बसवून घ्यावी, असा मोह आमच्या जालन्यासारख्या गावातील हौशी तरुणांस पडतो. एका अंगाने चाक अगदी मोकळे, जणू अधांतरी फिरत आहे, हा देखावा मोहक खरा. परंतु ही परदेशची नवलाई आपणांस सर्वस्वी अपरिचित आहे, ही समजूत मात्र इतिहासास धरून नाही.

वास्तविक चाक एकाच बाजूने धरणे हीच जुनी रीत. बैलगाडीचे चाक आसाच्या टोकावर चढवावयाचे आणि बाहेरून खीळ मारावयाची, की काम झाले. टांग्याचे तसेच, मोटारीचेही तसेच. दोन्ही बाजूंनी चाक धरण्याची प्रथा रूढ केली ती सायकलने. कारण तिची नळी बारीक, आस बोटाएवढा, आणि सारी गाडी एका माणसास उचलता यावी इतकी हलकी. मोटारसायकल ही सायकलचीच वंशज; तिने तो चिमटा वारशाने निमूटपणे स्वीकारला.

हा वारसा नाकारणारा गृहस्थ विमानविद्येतील होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. इटलीतील कोर्रादिनो दास्कानिओ याच्या हेलिकॉप्टरने १९३० साली उड्डाणाचे विक्रम केले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात पियाज्यो कंपनीचा पोन्तेदेरा येथील विमानांचा कारखाना बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाला. तेव्हा लोकांस परवडेल अशी दुचाकी आखण्याचे काम एन्रिको पियाज्यो याने दास्कानिओवर सोपविले. दास्कानिओस मोटारसायकलची मनापासून नावड होती. साखळीचे तेल कपड्यांस लागते आणि पंक्चर झाल्यास चाक काढणे हे एक संकटच, अशी त्याची तक्रार असे. त्याने पुढील चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच दांड्यावर बसविले. मागे तर चिमटाच ठेवला नाही. इंजिन हेच भुजा झाले! इंजिन, गिअर व चाक असा एकच जुडगा सांध्याभोवती वरखाली हलू लागला आणि साखळीची गरजच संपली. २३ एप्रिल १९४६ रोजी पेटंटसाठी अर्ज झाला. गाडीस नाव मिळाले व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

त्याच सुमारास जर्मनीत नॉर्बर्ट रीडेल याने ‘इम्मे’ नावाची हलकी मोटारसायकल काढली. तिला पुढेमागे एकेकच भुजा, आणि मागील भुजा हीच धूर सोडण्याची नळी! युक्ती नामी होती. कंपनी मात्र दोनतीन वर्षांतच बुडाली.

व्हेस्पाचे नशीब निराळे, आणि त्यात आपला महाराष्ट्र आला. १९४५ साली स्थापन झालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून परदेशी दुचाक्या व तीनचाक्या मागवू लागली. तीच पुढे बजाज ऑटो झाली. १९६० साली पियाज्योशी करार झाला आणि पुण्यानजीक आकुर्डीस स्कूटरी बनू लागल्या. १९७१ मध्ये करार संपला, तरी रचना तीच राहिली; १९७२ साली महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. १९८५ साली कंपनीचा दुसरा कारखाना जालन्याहून फारसा दूर नसलेल्या वाळूजला उभा राहिला. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, आणि मग त्या एकेका दांड्यावरील दोन चाकांवर नवरा, बायको, दोन मुले व भाजीची पिशवी असा सारा प्रपंच हाकावयाचा, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वाटेत पंक्चर झाल्यास चारपाच नट सोडून स्टेपनी चढविली की पुढे चालू. ती पुढच्या चाकासही चाले, मागच्यासही. चाक एकाच बाजूने धरले आहे, ते निसटेल, अशी धास्ती कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.

मोटारसायकलकडे ही रीत फिरून आली ती बऱ्याच काळाने. १९८० साली बीएमडब्ल्यूने एका भुजेची गाडी विकावयास काढली. तिच्या भुजेतच चाक फिरविणारा दांडा बंदिस्त होता. फ्रान्समधील ‘एल्फ’च्या शर्यतीच्या गाड्यांवरून होंडाने ही युक्ती घेतली. चोवीस तासांच्या शर्यतीत चाक क्षणार्धात बदलता आले पाहिजे, हा त्यामागील हेतू. १९९४ च्या दुकाती ९१६ वर मास्सिमो ताम्बुरिनी याने तीच भुजा सौंदर्यासाठी मिरविली. पुढे त्याच कंपनीने दोन भुजांची गाडी काढताच चाहते रुसले व २००७ साली एक भुजा परत आली. पण २०२५ च्या पानिगाले व्ही-४ साठी कंपनीने पुन्हा दोन भुजांचाच चिमटा पत्करला. कारण तो वजनास हलका पडतो.

हलका का, हे साधे गणित आहे. समजा, मागील चाकावर १५० किलोग्रॅम भार आहे आणि भुजा चाकाच्या मध्यापासून १२ सेंटिमीटर बाजूस आहे. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकास १८ किलोग्रॅमचे ओझे टांगावे, इतका पीळ त्या भुजेस सतत सोसावा लागतो; खड्ड्यात त्याच्या कितीतरी पट. दोन भुजा हा भार वाटून घेतात. एकटीस तो पेलावयाचा तर ती जाडजूड व पोकळ पेटीसारखी हवी. जालन्याच्या गिरण्यांतील सळई स्लॅबसाठी उत्तम, पण तिचे तुकडे जोडून अशी भुजा होत नाही. परदेशी गाडीची ॲल्युमिनियमची भुजा आणून कापून जोडली, तर वेल्डिंगच्या आचेने त्या जागीच धातू मऊ पडतो. शिवाय दोन्ही चाके एका रेषेत, साखळीची दोन्ही चक्रे एका पातळीत, आणि सांध्याचा बोल्ट व शॉकची बैठक नव्या ओझ्यास पुरी पडणारी, हे सर्व साधावे लागते. मूळ गाडीत हा सांगाडा त्या भुजेसाठी आखलेलाच नसतो, खरी मेख तेथे आहे.

त्यातून कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजाविले. दोन चाकांमधील अंतर व गाडीचे वजन नोंदणीत असते, आणि भुजा बदलली की बहुधा ही दोन्ही बदलतात. प्रदर्शनात उभी करावयाची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. ज्यांस एका बाजूने धरलेले चाक रस्त्यावरच हवे असेल, त्यांच्यासाठी जानेवारी २०२० पासून विजेवरील चेतक विक्रीस आली; तिचे पुढील चाक पुन्हा एकाच दांड्यावर आहे.