उस्तादांनी काढून टाकलेला थर्मोस्टॅट

जालन्यात बर्फ पडत नाही. म्हणून गाडीतल्या ‘डिफ्रॉस्टर’चा विचार इथे फारसा कुणी करत नाही. पण पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या पहाटे समोरच्या काचेला आतून वाफ धरते, तेव्हा त्याचीच गरज पडते. बटण दाबलं की हवा येते, पण कोमट आणि मंद. फडक्याने काच पुसत गाडी चालवणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. या कमजोर हवेचं एक कारण गाडीत सापडतं, दुसरं मराठवाड्याच्या इतिहासात.

निजाम स्टेटमध्ये १९३२ साली सरकारी बससेवा २७ गाड्यांनी सुरू झाली. मोटार आली तशी तिची दुरुस्ती करणारी माणसंही तयार झाली. १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांचा सरकारी नोकऱ्यांमधला आधार तुटला. पुढच्या पिढ्यांनी पाना-पकड हाती घेतली. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात, मुस्लीम कामगारांचं प्रमाण जास्त असलेल्या क्षेत्रांत वाहनदुरुस्तीचा उल्लेख आहे. जालन्याच्या गॅरेजमध्ये फिरलात तर हे कळायला अहवाल लागत नाही.

या गॅरेजमधलं शिक्षण तोंडी. उस्तादाने सांगायचं, शागिर्दाने हाताने करायचं. अशीच एक शिकवण होती : गाडी आली की थर्मोस्टॅट काढून टाक.

थर्मोस्टॅट ही एक छोटी झडप असते. इंजिनाचं पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत ती त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बनलेली अ‍ॅम्बेसेडर आपल्याकडे चाळीस अंशांच्या उन्हात धावायची. झडप बंद अवस्थेत अडकली की पाणी उकळायचं आणि हेड गॅस्केट उडायचं. परमिट राजच्या काळात सुटा भाग लवकर मिळायचा नाही. गाड्यांत हीटर बहुधा नसायचाच. मग ती झडप ठेवायची कशाला? त्या काळापुरता उस्तादांचा हिशेब बरोबर होता.

गाड्या बदलल्या, सवय राहिली. आजच्या गाडीत काचेवरची गरम हवा इंजिनाच्याच पाण्यातून मिळते. डॅशबोर्डमागे छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकला असेल तर थंड पहाटे पाणी तापतच नाही. काच साफ होत नाही, पेट्रोलही जास्त जळतं.

जुन्या-नव्या मिस्त्रींशी बोलून तपासणीचा क्रम मी असा मांडला आहे.

थंड इंजिन सुरू करा. रेडिएटरचा वरचा पाइप आधी थंड राहून नंतर एकदम गरम व्हायला हवा. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत असेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकला आहे. हात पंख्यापासून दूर ठेवा आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

इंजिन तापल्यावर, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, केबिनकडे जाणारे दोन पाइप पाहा. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय. एक गरम, एक थंड असेल तर कोअर तुंबलाय किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. कोअर तुंबण्यामागेही आपल्या जिल्ह्याची गोष्ट आहे. २०१२-१३च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. इथे मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये जातं, बहुतेक वेळा बोअरचं. त्यातला क्षार बारीक नळ्यांत बसतो. कूलंट वापरणं हाच उपाय.

पाणी ठीक असेल तर हवा तपासा. पंखा फक्त सर्वांत वरच्या स्पीडवर चालत असेल तर बहुधा रेझिस्टर गेलाय. सगळ्याच स्पीडवर हवा कमी असेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर काढा. धूळ आणि कापसाच्या तंतूंनी तो भरलेला सापडेल. हवा पायाकडे येते, काचेकडे नाही, तर आतला फ्लॅप अडकलाय.

हवा गरम आणि जोरात असूनही वाफ जात नसेल, तर ओल शोधा. पायाखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास, काचेवर चिकट थर असेल तर कोअर गळतोय. आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवा. आतलीच हवा फिरवली तर श्वासातली वाफ काचेवरच बसते. सोबत एसी लावला तर तो हवेतली ओल काढून घेतो.

११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. तेवढा वेळ काच आंधळी असेल तर काय होऊ शकतं, ते सांगायला नको.

उस्तादांचा इल्म खरा होता, पण तो कागदावर आला नाही. काय करायचं ते शागिर्दापर्यंत पोहोचलं, का करायचं ते वाटेत राहिलं. कारण हरवलं की हुनर नुसती रीत होऊन बसते. आपण दरगाह, गढ्या आणि सनदांचा इतिहास लिहितो. काळ्या हातांचाही लिहायला हवा. जे जुने उस्ताद अजून हयात आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि प्रत्येक सवयीचं कारण विचारा.