गर्भकालीन मधुमेह व जनुकीय विविधता

गरोदरपणात प्रथमच आढळणारी रक्तशर्करेची वाढ म्हणजे गर्भकालीन मधुमेह. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव सर्वच गर्भवतींमध्ये घटतो. स्वादुपिंडातील बीटा पेशी जादा इन्शुलिन स्रवून ही तूट भरून काढतात. ज्यांच्या पेशींना ते पेलत नाही, त्यांची साखर चढते. ही क्षमता काही अंशी आनुवंशिक आहे. टीसीएफ७एल२, सीडीकेएएल१ आणि मेलॅटोनिनचा ग्राही घडवणारे एमटीएनआर१बी या जनुकांतील सर्रास आढळणारे भेद धोका वाढवतात. मात्र प्रत्येकाचा वाटा लहान. वय, स्थूलता, घराण्यातील मधुमेह यांवरून जे कळते, त्यात जनुकचाचणी सध्या फारशी भर घालत नाही.

अपवाद ग्लुकोकायनेज जनुकाचा. त्यातील एकच उत्परिवर्तन साखर आयुष्यभर किंचित चढी ठेवते आणि अनेकींना ते गरोदरपणीच्या तपासणीतच कळते. येथे गर्भाचा वारसाही निर्णायक ठरतो. अँड्रू हॅटर्सली व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की आईचे उत्परिवर्तन न मिळालेले बाळ जादा इन्शुलिन स्रवून वजनदार होते. ते मिळालेल्याचे वजन साधारण राहते. उत्परिवर्तन मिळालेल्या अशा बाळाच्या आईची साखर इन्शुलिन देऊन फार उतरवली, तर बाळाचे वजन कमी भरू शकते. म्हणून उपचार सोनोग्राफीतील गर्भाची वाढ पाहून ठरवतात.