आबांचे पाय, शार्कोची खुर्ची आणि टाळाचा ठेका

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. भाषा बोलण्यातलीच ठेवलीय, सांभाळून घ्या.

आज इतिहास सांगायचाय, पण सुरुवात आमच्या घरच्या उंबऱ्यापासून. गाव काष्टी, तालुका श्रीगोंदा. दौंडहून नगरकडे निघालात, भीमा ओलांडली की थोड्या वेळात लागतं. शनिवारचा जनावरांचा बाजार म्हटलं की लांबलांबचे लोक आमचं गाव ओळखतात.

माझे आजोबा, म्हणजे आबा, आयुष्यभर त्या बाजारात बैल पारखत फिरले. आता त्यांना पार्किन्सन्स आहे. एका सुट्टीत मी घरी होतो. आबा बाहेर निघाले आणि उंबऱ्यापाशी थांबले. म्हटलं, "आबा, चला ना." तर म्हणाले, "आरं, पाय चिकाटल्यात जमिनीला." मी हात ओढायला गेलो तर ते पडता पडता वाचले. तेवढ्यात भिंतीला टेकवलेली केरसुणी घसरून त्यांच्या पायापुढे आडवी पडली. लक्ष्मीला पाय लागू नये म्हणून आबांनी पाय चांगला उंच उचलला, पलीकडे टाकला आणि सरळ चालत ओट्यावर गेले!

मी तिथंच उभा. जो माणूस एक पाऊल टाकू शकत नव्हता, तो केरसुणी ओलांडून कसा गेला? हे शोधता शोधता मी दोनशे वर्षं मागे गेलो.

साल १८१७. लंडनमधले डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 'थरथरत्या लकव्या'वर एक छोटा निबंध छापला. त्यात अवघे सहा रुग्ण, आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले! हात थरथरतोय, अंग पुढे झुकलंय, पावलं बारीक आणि घाईची. नुसत्या नजरेनं त्यांनी हे टिपलं. उपाय मात्र त्या काळातलाच, मानेजवळून रक्त काढायचं.

पुढे पॅरिसमध्ये शार्को नावाचे मोठे मेंदूतज्ज्ञ झाले. या आजाराला पार्किन्सनचं नाव मिळालं ते त्यांच्यामुळे. त्यांचे रुग्ण सांगायचे, की रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला की बरं वाटतं. शार्कोंनी काय करावं? थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली! १८९२ मध्ये त्यांनी तिच्यावर व्याख्यानही दिलं. (आमच्या एसटीत बसले असते तर खुर्चीचा खर्च वाचला असता.) गंमत म्हणजे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशीच खुर्ची पुन्हा तपासून पाहिली. नुसते आरामखुर्चीत बसलेले लोक आणि थरथरत्या खुर्चीत बसलेले लोक, दोघांनाही थोडं बरं वाटलं. थरथरीचा वेगळा असा फायदा दिसला नाही.

आता गोळीची गोष्ट. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून हा आजार होतो. १९६० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता दाखवली. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉक्टर कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत डोपा देऊन लोकांना उठवून चालवलं. आणि हाच एल-डोपा दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच खाजकुहिलीच्या बियांतून वेगळा काढला होता! हो, तीच, लहानपणी बांधावर हात लागला की खाजवून खाजवून जीव जायचा ती. (म्हणून कुणी बिया कुटून खाऊ नका. मात्रा चुकली तर भलतंच होईल.)

गोळी मिळाली आणि सगळ्यांचं लक्ष गोळीकडे गेलं. पण काही वर्षांनी तिचा असर टिकण्याचा वेळ कमी होतो. तोल जाणं, पाय चिकटणं यावर तर ती बऱ्याचदा पुरी पडत नाही.

आणि इथे आमची केरसुणी येते. त्याच १९६७ साली लंडनच्या पर्डन मार्टिन या डॉक्टरांचं पुस्तक आलं. त्यांनी पाहिलं होतं, की जमिनीवर आडव्या रेघा मारल्या तर अडकलेला रुग्ण त्या ओलांडत चालतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. चालणं ही आपल्या मेंदूतली बॅकग्राउंड प्रोसेस आहे, विचार न करता चालू असते. पार्किन्सन्समध्ये नेमकी तीच अडखळते. पण समोर रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं, लक्ष देऊन तेच काम करू शकतो. १९९६ मध्ये थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेक्यावर चालण्याचा तीन आठवड्यांचा सराव घेतला, तर रुग्णांचा चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी वाढली.

मग प्रश्न आला, की ठेका तर मोबाईलवरही मिळतो. गटात कशाला जायचं?

मीही हेच म्हटलं होतं. आबांच्या फोनवर मेट्रोनोम टाकून दिला. आठवडाभर टिक-टिक ऐकून म्हणाले, "ह्ये घड्याळ बंद कर, डोकं उठलं." संपला विषय.

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तिथल्या पार्किन्सन्स गटानं मार्क मॉरिस डान्स ग्रुपला विचारलं, आम्हाला नाच शिकवाल का? उपचार म्हणून नाही, नाच म्हणून. तो वर्ग पुढे जगभर पोचला. त्याच वर्षी मुंबईत डॉक्टर बी. एस. सिंघल यांच्या पुढाकारानं पार्किन्सन्स रुग्णांसाठी संस्था उभी राहिली. तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र बसतात, बोलतात, व्यायाम करतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनीच चालवलेलं, दर महिन्याला भेटणारं, सहलीला जाणारं. आणि २०१० च्या सुमाराला पुण्याचे नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या मंडळींना स्टुडिओत बोलावून नाचायला लावलं. साठी-सत्तरीतली माणसं, काही तर आयुष्यात पहिल्यांदा नाचणारी!

पुरावाही येत गेला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १९५ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, गटानं ताई-ची. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. पण माझ्या मते खरा मुद्दा आकड्यांच्या पलीकडे आहे. घरी एकट्यानं हात वर करायला माणूस कंटाळतो. गटात मात्र शेजारच्याचा हात आपल्यापेक्षा जास्त थरथरत असतो आणि तो हसत असतो. लपवायला काही उरतच नाही.

आबांचं तेच झालं होतं. त्यांनी बाजार सोडला तो पायांमुळे नाही. हात खिशात घालून हिंडायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, "सकाळीच घेतली का काय?" माळकरी माणूस तो! त्या दिवसापासून शनिवार आला की ओट्यावर बसून राहायचे.

पुण्याला नेणं-आणणं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि गोळीची वेळ चुकते. मग आम्ही देवळाच्या सभामंडपात सुरू केलं. आबा, शेजारच्या वस्तीवरच्या एक आजी, त्यांनाही हाच आजार, आणि सोबतीला भजनी मंडळातले दोघं-तिघं. फिजिओथेरपिस्टकडून आधी व्यायाम समजून घेतले. गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेला जमायचं, पाठीमागे जड खुर्ची आणि प्रत्येकाजवळ एक धडधाकट माणूस. आधी बसून हात मोठे फिरवायचे, मग उभं राहायचं, मग टाळावर पावली. पहिल्याच दिवशी आबा मला म्हणाले, "ह्याला व्यायाम म्हनत्यात व्हय? मग आमी वारीत काय करत हुतो?"

त्यांना मी काय उत्तर देणार? पावली हा उपचार आहे असा माझा दावा नाही. पण ठेका, मोठं पाऊल, समोर चालणारा माणूस आणि सोबत, हे सगळं तिच्यात आहे. दोनशे वर्षांत रक्त काढणं झालं, खुर्ची झाली, गोळी झाली. गोळी लागतेच, ती आबांचीही बंद नाही. पण गोळीच्या पुढे जाऊन डॉक्टर मंडळी ज्या गोष्टीपाशी पोचली, तिचं अर्धं सामान आपल्या देवळात खुंटीला टांगलेलं होतं.

आता खरं सांगतो. आबांची थरथर थांबलेली नाही. मागच्या महिन्यात न्हाणीत पडलेही. आणि मी पुण्यात असतो त्या रविवारी कुणी जमवत नाही, मग गट बसतच नाही. आमची मुख्य अडचण हीच आहे, दर आठवड्याला न चुकता येऊन खुर्च्या मांडणारं कुणीतरी हवं. व्हिडिओ कॉलवर मी ठेका देऊ शकतो, पण पाठीमागे उभा राहू शकत नाही.

तुमच्या गावात, चाळीत, सोसायटीत असे आबा असतील. हात खिशात घालून बसलेले. त्यांना लिंक पाठवू नका. डॉक्टरांना विचारा, आणखी दोघं शोधा, वेळ ठरवा आणि स्वतः जा.

दोन शनिवारांपूर्वी आबा बाजारात गेले होते. अर्ध्या तासात दमून परत आले. मी विचारलं, "कुणी काही बोललं का?" म्हणाले, "बोलले की. बैलाचं दात बघाया बोलावलं."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!