गांत्स, ब्रूनो

गांत्स, ब्रूनो : (२२ मार्च १९४१–१६ फेब्रुवारी २०१९). जर्मन रंगभूमीवर घडलेले स्विस नट व चित्रपट-अभिनेते. जन्म झुरिक येथे. वडील स्विस कामगार, आई उत्तर इटलीतील. जर्मनभाषक देशांबाहेर गांत्स मुख्यतः दोन भूमिकांमुळे ओळखले जातात : विम वेंडर्स यांच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मधला (१९८७) देवदूत आणि ओलिव्हर हिर्शबीगल यांच्या ‘डाउनफॉल’मधला (२००४) हिटलर. एकाच माणसाने ही दोन टोके गाठली, म्हणून कोणत्याही सोंगात सहज शिरणारा बहुरूपी अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली. ही प्रतिमा आकर्षक असली तरी पुराव्याशी जुळत नाही. बहुरूपी सोंगात दिसेनासा होतो. गांत्स दिसेनासे होत नाहीत, कारण त्यांच्या बहुतेक मोठ्या भूमिकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : वाक्य तयार होऊन तोंडात येत नाही, ते बोलता बोलता शोधावे लागते, आणि तो शोध प्रेक्षकाला दिसतो. ही सवय कॅमेऱ्याने लावलेली नाही. ती १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या नाट्यगृहांतून आलेली आहे. म्हणून त्यांची चित्रपट-कारकीर्द रंगभूमीपासून वेगळी काढून वाचता येत नाही.

झुरिकमध्ये शिक्षण अर्धवट सोडून नाट्यप्रशिक्षण घेतल्यावर ते जर्मनीत गेले. गटिंगेन येथे थोडा काळ काढून ते ब्रेमेनच्या नाट्यगृहात दाखल झाले. कुर्ट ह्यूबनर यांनी चालवलेले हे नाट्यगृह तेव्हा पश्चिम जर्मनीतले सर्वांत धीट मानले जाई. तिथेच १९६९ मध्ये पेटर श्टाइन यांनी गटेचे ‘टोर्क्वाटो टासो’ बसवले. दरबाराच्या आश्रयावर जगणारा कवी ही त्यातली मुख्य भूमिका गांत्स यांची. अभिजात पद्य घोळवून म्हणण्याची जुनी रीत श्टाइन यांनी मोडली आणि सुंदर बोलणे ही टासोची दरबारातली चाकरीच आहे, हे उघडे केले. पुढच्याच वर्षी श्टाइन, गांत्स, एडिथ क्लेव्हर, युटा लाम्पे ही मंडळी पश्चिम बर्लिनच्या शाउब्यूनं या नाट्यसंस्थेत आली. नाटक कोणते करायचे इथपासूनचे निर्णय तिथे सगळ्यांच्या चर्चेतून होत. तालमींपूर्वी वाचन आणि अभ्यास चाले. १९७१ च्या ‘पेअर गिंट’मध्ये नायकाची भूमिका सहा नटांत वाटून दिली होती, त्यांपैकी गांत्स एक. ‘ही भूमिका माझी’ ही नटाची मालकीच तिथे नाहीशी झाली. १९७२ मध्ये साल्झबुर्गला ऑस्ट्रियन नाटककार टोमास बेर्नहार्ट यांच्या नाटकात त्यांनी डॉक्टर केला. हा गृहस्थ प्रेताच्या चिरफाडीची पद्धत पानेच्या पाने ऐकवत राहतो. शेवटी प्रेक्षागृहात संपूर्ण काळोख हवा, असे संहितेत होते. अग्निसुरक्षेचे नियम पुढे करून आपत्कालीन दिवे चालूच ठेवण्यात आले, आणि पहिल्या प्रयोगानंतर कलावंतांनी पुढचे प्रयोग करायला नकार दिला. भांडण दिव्यांचे वाटते, पण शब्दांच्या त्या पुरानंतर लेखकाला नेमका किती अंधार हवा, याचे ते होते. बेर्नहार्ट यांनी पुढचे एक नाटक गांत्स यांना अर्पण केले.

ही शिस्त पडद्यावर कशी उतरली, ते एरिक रोमेर यांच्या ‘मार्क्वीझ फॉन ओ’ (१९७६) मध्ये प्रथम स्पष्ट दिसते. फ्रेंच दिग्दर्शकाने जर्मन लेखक क्लाइस्टची कथा जर्मन भाषेतच चित्रित केली आणि मुख्य भूमिकांसाठी गांत्स व क्लेव्हर हे शाउब्यूनंचेच नट घेतले. वेंडर्स यांच्या ‘अमेरिकन फ्रेंड’मधला (१९७७) हॅम्बर्गचा चौकटी बनवणारा कारागीर त्यांना परदेशी प्रेक्षकांपर्यंत घेऊन गेला. पण आपल्या मुद्द्यासाठी राइनहार्ड हाउफ यांचा ‘मेसर इम कोप्फ’ (१९७८) अधिक मोलाचा, आणि तो आज विनाकारण मागे पडला आहे. पोलिसांची गोळी डोक्यात लागलेला शास्त्रज्ञ हॉफमन शुद्धीवर येतो तेव्हा त्याची वाचा गेलेली असते, अर्धे अंग लुळे असते. पोलिसांच्या लेखी तो हल्लेखोर, डाव्या तरुणांच्या लेखी बळी. त्याला मात्र आधी चमच्याला काय म्हणतात इथपासून सुरुवात करायची आहे. अशा भूमिकेत रुग्णाची लक्षणे हुबेहूब वठवून टाळ्या मिळवणे सोपे होते. गांत्स प्रत्येक परत मिळालेल्या शब्दाबरोबर हॉफमनचा लबाडपणाही थोडा थोडा परत येऊ देतात. बावीस वर्षांनंतर सिल्व्हिओ सोल्दिनी यांच्या ‘पाने ए तुलिपानी’मध्ये (२०००) हीच गोष्ट विनोदी अंगाने येते. त्यात गांत्स यांनी केलेला, व्हेनिसमधला आइसलँडचा माणूस पुस्तकी, जुन्या वळणाचे इटालियन इतक्या अदबीने बोलतो की साधी विचारपूसही दरबारी वाटते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे : गांत्स यांची सर्वांत लाडकी भूमिका, देवदूत डामिएल, ही तर मौनाची. ग्रंथालयात वाचणाऱ्यांच्या खांद्याशी उभे राहून तो नुसता ऐकतो. मग शब्दशोधाचा सिद्धांत कुठे राहिला? पण चित्रपट सुरू होतो तोच कागदावर लिहिणाऱ्या हाताने आणि गांत्स यांच्या आवाजाने. शिवाय देवदूताला काही शोधावे लागत नाही, हीच तर त्याची अडचण आहे. माणूस झाल्यावर डामिएल पहिल्यांदा काय करतो? डोक्याला लागलेले रक्त चाखून बघतो आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला बर्लिनच्या भिंतीवरल्या रंगांची नावे विचारतो. हा लाल का, तो पिवळा का, असे खातरजमा करत जाणारा तो आनंद हॉफमनच्याच घराण्यातला आहे. ऐकण्यालाही शिक्षण लागते, आणि तेही नाट्यगृहातलेच होते. १९८२ मध्ये गांत्स आणि ओटो झांडर या दोघांनी कुर्ट बोइस व बेर्नहार्ट मिनेटी या वृद्ध नटांवर माहितीपट केला. पाच वर्षांनी त्याच झांडर यांनी दुसरा देवदूत केला आणि बोइस यांनी म्हातारा कथेकरी. देवदूत ज्याच्या मागे मागे फिरून ऐकतात, त्याला हे दोघे आधीच ऐकून आलेले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर : हिटलर म्हणजे शेवटी नक्कल नव्हे काय? तयारीकडे पाहावे. गांत्स यांनी सभांमधली गर्जना आधाराला घेतली नाही. जून १९४२ मध्ये फिनलंडचे सेनापती मानरहाइम यांच्याशी झालेल्या हिटलरच्या खासगी संभाषणाचे सुमारे अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यातला खालच्या पट्टीतला, जवळजवळ गप्पांचा आवाज त्यांनी अभ्यासला. हाताच्या थरथरीसाठी कंपवाताचे रुग्ण पाहिले. तळघरातला प्रसिद्ध प्रसंग नीट पाहिला तर त्यातला मोठा आरडाओरडा हा मधला टप्पा आहे. त्याआधी थरथरत्या हाताने काढलेला चष्मा आणि मोजक्याच लोकांना थांबायला सांगणारा दबका स्वर आहे. नंतर खुर्चीत खचलेला, युद्ध हरल्याचे वाक्य तुकड्या-तुकड्यांनी उच्चारणारा माणूस. इंटरनेटवर खोटी उपशीर्षके घालून जी असंख्य विडंबने झाली, त्यांनी फक्त हा मधला टप्पा उचलला. त्यामुळे ‘नक्कल’ हे मत मूळ चित्रपटापेक्षा विडंबनांच्या आठवणीवर पोसले गेले असण्याचा संभव बराच आहे. हिटलरला माणसाळवल्याचा आरोप मात्र असा झटकता येत नाही. खुद्द वेंडर्स यांनी या चित्रपटावर कडक टीका केली. त्याला स्वतःचा दृष्टिकोनच नाही, हा तिचा गाभा. टीका रास्त आहे, विशेषतः हिटलरचा मृत्यू दाराआड ठेवण्याच्या निवडीबाबत. पण तो दोष पटकथेचा आणि दिग्दर्शनाचा. गांत्स सहानुभूती मागत नाहीत. सेक्रेटरीशी मायेने बोलणारा आवाज आणि जर्मन जनतेला मरू द्या म्हणणारा आवाज ते एकाच पट्टीत ठेवतात, आणि अस्वस्थता तिथूनच येते.

चित्रपटांनी त्यांना रंगभूमीपासून तोडले असेही म्हणता येत नाही. १९८२ मध्ये क्लाउस मिखाएल ग्र्यूबर यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी शाउब्यूनंत हॅम्लेट केला. २००० मध्ये श्टाइन यांनी हॅनोव्हरच्या जागतिक प्रदर्शनासाठी गटेच्या ‘फाउस्ट’चे दोन्ही भाग, बारा हजारांहून अधिक ओळी, एकही न गाळता उभे केले, तेव्हा वृद्ध फाउस्ट त्यांच्याकडे आला. तालमीतल्या दुखापतीमुळे ते सुरुवातीला बाहेर राहिले आणि नंतर प्रयोगांत सामील झाले. त्याआधी, १९९६ मध्ये, योझेफ माइनराड यांच्या निधनानंतर इफलांट अंगठी त्यांच्याकडे आली होती. जर्मन रंगभूमीवरील श्रेष्ठ नटाने ही अंगठी आजन्म बाळगायची आणि वारसाचे नाव लिहून ठेवायचे, असा रिवाज आहे. गांत्स यांनी योजलेले गेर्ट फॉस २०१४ मध्ये त्यांच्याआधीच वारले, त्यामुळे वारस बदलावा लागला. लार्स फॉन ट्रिअर यांच्या ‘द हाउस दॅट जॅक बिल्ट’मध्ये (२०१८) ते बराच वेळ दिसतच नाहीत, खुन्याशी वाद घालणारा त्यांचा आवाज तेवढा काळोखातून येत राहतो, आणि चेहरा अखेरच्या भागात समोर येतो. त्यांच्या निधनानंतर, त्यांच्या इच्छेनुसार अंगठी येन्स हार्त्सर या रंगभूमीवरच्या नटाला २०१९ मध्ये देण्यात आली.