पुनरुत्थान: ख्रिस्ती विश्वास कशावर उभा आहे?

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. आत्मा मरत नाही असं गीताही सांगते, मग येशू पुन्हा उठला म्हणणारे ख्रिस्ती लोक वेगळं काय सांगतात? प्रश्न चांगला आहे, कारण ही गल्लत बहुतेकांच्या मनात असते. आत्म्याचं अमरत्व आणि शरीराचं पुनरुत्थान या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पौल अथेन्सला जातो, तिथे एपिक्युरियन आणि स्टोइक मंडळींशी त्याची चर्चा होते. देव, सृष्टी, मूर्ती यांवर तो बोलतो तोवर सगळे ऐकून घेतात. मेलेला माणूस उठला हे वाक्य आलं, आणि काही जण चक्क हसले. आत्मा उरतो एवढंच तो म्हणाला असता, तर प्लेटोच्या गावात त्यात नवल कसलं? प्लेटोचा सॉक्रेटिस विषाचा पेला शांतपणे पितो, कारण शरीर हे बंधन आणि ते आता सुटणार. पौलाला ते बंधन सुटायला नको होतं. त्याला शरीर परत हवं होतं.

ही मागणी आली कुठून? जुन्या हिब्रू ग्रंथांत परलोकाबद्दल फारसं काही नाही. बरेवाईट सगळेच मेल्यावर 'शिओल' नावाच्या अंधाऱ्या जागी जातात, झालं. नीतिमानाला बक्षीस मिळायचं ते इथेच: दीर्घायुष्य, मुलंबाळं, शेतीवाडी. हा हिशेब इ.स.पू. 167 च्या सुमारास मोडला. सीरियातून राज्य करणाऱ्या चौथ्या अँटिओकस राजाने ज्यूंच्या धर्माचरणावर बंदी घातली. मुलाची सुंता केली, देहदंड. शब्बाथ पाळला, देहदंड. म्हणजे जो धर्म मोडेल तो जगेल, आणि जो पाळेल तो पाळल्यामुळेच मरेल.

मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एक आई आणि तिची सात मुलं यांची कथा आहे. डुकराचं मांस खायला नकार दिला म्हणून मुलांना एकेक करून राजासमोर हालहाल करून मारतात. तिसरा मुलगा जीभ आणि हात स्वतःहून पुढे करतो आणि म्हणतो, हे देवाकडून मिळाले होते, त्याच्याकडूनच परत मिळतील. कथा जशीच्या तशी घडली असेल असं मी म्हणत नाही. पण त्या मुलाची मागणी बघा. त्याला मोक्षबिक्ष काही नको, त्याला त्याचे कापलेले हात हवेत. ज्या शरीरावर अन्याय झाला त्याच शरीराला न्याय. आत्मा अमर असून इथे भागत नाही. साधारण त्याच काळातल्या दानीएलच्या ग्रंथाच्या शेवटी, धुळीत झोपलेले उठतील, असं स्पष्ट येतं. मरणाच्या भीतीतून ही कल्पना निघाली असं सर्रास म्हणतात. मला ती न्यायाच्या हट्टातून निघालेली दिसते.

येशूच्या काळात परूशी हे मानत, सदूकी मानत नसत. पण मानणाऱ्यांचीही समजूत अशी, की काळाच्या अंती सगळे उठतील. मधेच एक जण एकटाच उठेल आणि जग तसंच चालू राहील, अशी अपेक्षा कुणाची नव्हती. म्हणून 'शिष्यांना जे हवं होतं तेच त्यांना दिसलं' हे स्पष्टीकरण मला तोकडं वाटतं. पुढे इ.स. 132 ते 135 मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध उठाव केला, त्यालाही मसीहा मानणारे होते. तो मारला गेला. तो उठला असं म्हणत कुणी गावोगाव फिरलं नाही.

आता पुराव्याकडे येऊ. आपल्या नैयायिकांच्या भाषेत, इथे आपल्याजवळ आहे ते शब्दप्रमाण. सांगणारा आप्त हवा, म्हणजे ज्याला गोष्ट माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची आहे, असा. सगळ्यात जुनी लेखी साक्ष पौलाची आहे, शुभवर्तमानं नंतरची. येशूला क्रुसावर दिलं ते 30 किंवा 33 साली. करिंथकरांना पौलाचं पहिलं पत्र 54-55 च्या आसपासचं. त्यात तो यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक लोक, मग याकोब, सर्व प्रेषित, शेवटी मी. पाचशेंतले बरेच अजून हयात आहेत असंही लिहितो. म्हणजे हवं तर जाऊन विचारा! आणि हे आपल्याला मिळालं तसं पुढे दिलं, असं म्हणतो. गलतीकरांच्या पत्रावरून कळतं की तो यरुशलेमला केफाकडे पंधरा दिवस राहिला होता, येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला होता. हा याकोब 62 साली दगडमाराने मारला गेला, असं ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो. तेव्हा ही शंभर वर्षांनी पिकलेली दंतकथा नव्हे, एवढं नास्तिक अभ्यासकही मान्य करतात.

पण दुसरी बाजू लपवून चालणार नाही. चारही शुभवर्तमानांत कबर रिकामी सापडते ती स्त्रियांना, आणि पौलाच्या यादीत एकीचंही नाव नाही. ख्रिस्ती अभ्यासक विचारतात, स्त्रियांची साक्ष घेऊ नये असं जोसेफस लिहितो, त्या काळात गोष्ट रचणारा स्त्रियांना पुढे कशाला करील? युक्तिवादात दम आहे. मात्र स्त्रिया किती, देवदूत एक की दोन, येशू दिसला तो गालीलात की यरुशलेमात, यावर चौघांचं जुळत नाही. मार्कच्या सगळ्यात जुन्या पूर्ण प्रती चौथ्या शतकातल्या. त्यांत शुभवर्तमान संपतं ते स्त्रिया घाबरून पळतात आणि कुणाला काहीच सांगत नाहीत, इथे. पुढची बारा वचनं मागाहून जोडलेली.

ह्यूमचा 1748 मधला मुद्दा असा, की साक्ष खोटी असणं हेच जर घटनेहून मोठं आश्चर्य ठरत असेल, तरच चमत्कार मानावा. ठीक. पण निसर्गापलीकडे काही नाही हे आधीच धरलं तर कितीही साक्षीदार आणा, निकाल ठरलेला. देव आहे हे धरलं तर निकाल उलट दिशेने सोपा. कागदपत्रं सांगतात ते इतकंच, की या माणसांची खात्री फार लवकरची होती आणि काहींनी तिच्यासाठी जीव दिला. खात्री प्रामाणिक म्हणून खरी, असं आपण कुठल्याच धर्माबाबत म्हणत नाही. इथेही म्हणायचं कारण नाही.

पौल स्वतः मात्र पळवाट ठेवत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर सगळं व्यर्थ, मग खा, प्या, उद्या मरायचंच आहे, असं तोच लिहितो. चार्वाकाने टाळी दिली असती! उठलेलं शरीर कसं असेल असं विचारणाऱ्याला तो आधी मूर्ख म्हणतो आणि मग दाण्याचा दृष्टान्त देतो: पेरलेला दाणा मरतो, उगवतं ते त्यातूनच, पण ते निराळं दिसतं. मग त्या तिसऱ्या मुलाचे हात? ते ओळखू येतील का, हे पौल सांगत नाही. योहान सांगतो की उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते.