गोल्फ मैदानाची निगा : खेळाडू नेमके काय पाहतो?

प्रतिनिधी, वसई

वसई-विरार परिसरात अठरा होलचे गोल्फ मैदान नाही. येथील हौशी गोल्फपटूला चेंबूर, खारघर किंवा थेट पुणे गाठावे लागते. १९२७ मध्ये स्थापन झालेला चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब मुख्यतः सभासद व त्यांच्या पाहुण्यांसाठी आहे. सिडकोने विकसित केलेल्या खारघर व्हॅली मैदानामागे मात्र सर्वसामान्यांना शुल्क भरून खेळता यावे, हा हेतू होता. अठरा होलच्या फेरीला चार तासांहून अधिक वेळ लागतो. त्यात प्रवास धरला की सुटीचा दिवस संपतो. एवढे करून मैदान खराब निघाले, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

ग्रीनला पहिले महत्त्व

होलभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. होलचा व्यास अवघा १०८ मिलिमीटर असतो. त्यामुळे गवतातील किंचित उंचवटाही चेंडूची दिशा बदलतो. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटर या खाचेच्या पट्टीने मोजतात. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली. पट्टीवरून सुटलेला चेंडू जितके फूट घरंगळतो, तितका ग्रीनचा वेग. मात्र केवळ वेगवान ग्रीन म्हणजे उत्तम ग्रीन नव्हे; सर्व ग्रीन सारखे असणे अधिक मोलाचे. त्यानंतर फेअरवेवरील गवताची दाटी, बंकरमधील वाळू आणि टीची सपाटी पाहिली जाते.

पावसाळ्याची कसोटी

कोकणपट्टीत मैदानाची खरी परीक्षा पाण्याच्या निचऱ्याची असते. चिखलात चेंडू रुतू लागल्यास तो उचलून पुसण्याची व जवळ ठेवण्याची मुभा स्थानिक नियमाद्वारे देता येते. उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. हिरवळ राखण्यास भरपूर पाणी लागते. टँकरची सवय झालेल्या वसई-विरारकरांना हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच अनेक ठिकाणी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा वापर होतो.

निवड कशी करावी?

नवशिक्याने अंतर आणि शुल्क यांना प्राधान्य द्यावे. सरावलेल्या खेळाडूने मात्र निघण्यापूर्वी दूरध्वनी करून ग्रीनची स्थिती विचारावी. मातीत हवा खेळावी म्हणून ग्रीनला भोके पाडून वाळू भरतात; पुढील काही दिवस चेंडू उसळतो. हे काम मैदानाच्या भल्याचे असले, तरी दूरवरून येणाऱ्याने तो आठवडा टाळलेला बरा.